सत्तावीस नंबरचं सील

२७ मार्च

चि. वकील यास,

मंगळवार, चौदा मार्च, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं.

ही वेळ मी माझ्या मनानं लिहिलेली नाही. तुमच्या वसाहतीच्या सेवा केंद्राकडून मला छापील कागद आलाय. दादानं जवळच्या नातलगाच्या रकान्यात माझं नाव दिलं होतं म्हणून आला. त्यात लिहिलंय, 'आपल्या नातलगांचा निवास व काम करार वरील दिवशी व वेळी संपुष्टात आला आहे. आमच्या सेवा निवडल्याबद्दल आभार.' खाली सही नाही, शिक्का नाही, फक्त एक हसरं चित्र आहे.

आणि तू मला फोन केलास गुरुवारी, सोळा तारखेला. "आत्या, बाबा गेले. काल पहाटे, झोपेतच. हार्ट." मी म्हटलं, निघते. तर म्हणालास, येऊ नकोस, सगळं उरकलंय. माझा सख्खा मोठा भाऊ, आणि मला त्याचं तोंडही बघायला मिळालं नाही.

मंगळवारी पावणेबाराला करार संपला आणि बुधवारी पहाटे माणूस संपला. मधले सतरा-अठरा तास माझा भाऊ कोणाच्या परवानगीनं श्वास घेत होता?

मी एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केल्यात. माझ्या खिडकीशी 'झोपेत गेले' म्हणणारे शेकड्यानं आले. झोपेत गेलेल्या माणसाच्या पायात बूट कसे, हे विचारायचा मला पगार मिळत होता. तुझा आवाज त्या खिडकीपलीकडच्या लोकांसारखा येत होता.

तू चार वर्षांचा असताना दूध सांडलंस आणि भांडंच वाकडं होतं हे अर्धा तास पटवून दिलंस. तेव्हापासून दादा तुला वकील म्हणायला लागला. आता भांड्याचं राहू दे. चार गोष्टी लिहून पाठव: वेळ, जागा, कारण, आणि शेवटी त्याच्याजवळ कोण होतं. मृत्यूचा दाखलाही पाठव.

आशीर्वाद तूर्त राखून ठेवते.

तुझी आत्या

*

३ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू दुःखात आहेस, म्हणून शब्दांचं मनावर घेत नाही.

तारखेचा घोळ साधा आहे. आमच्याकडे करारांचा आठवडा मंगळवारी बदलतो आणि मशीन ती तारीख आपोआप टाकतं. दाखला मात्र मी पाठवू शकत नाही, कारण तो द्यायला इथे कोणी नाही. इथे सरकार नाही, हे तुला माहीत आहे. कर नाही, कचेरी नाही, 'साहेब जेवायला गेलेत' नाही. पाणी, रस्ता, पहारा, निवाडा, सगळं करारानं. पटलं तर सही करायची, नाही पटलं तर दुसरीकडे जायचं. कोणी कोणाचा साहेब नाही आणि कोणी कोणाच्या मानेवर बसलेला नाही. माणूस मेला हे त्याच्या घरच्यांना कळलं की पुरे. त्यासाठी शिक्का कशाला हवा?

आत्या, सरकारबद्दल तू मला सांगू नकोस. बाबा चौतीस वर्षं सरकारी बॉयलर तपासनीस होते. त्यांनी खराब बॉयलर पास करायला नकार दिला की महिन्याभरात बदलीचा हुकूम यायचा. अकरा बदल्या. मी सात शाळा पाहिल्या. आईनं ट्रंका कधी पूर्ण रिकाम्या केल्याच नाहीत. आणि बाबांनी नाकारलेला बॉयलर त्यांच्या जागी येणारा पहिल्या आठवड्यात पास करायचा. हे तुझं सरकार. तुम्ही त्याला सेवा म्हणत होता.

इथे तीन वर्षांपूर्वी आले आणि त्यांच्या नावाला पहिल्यांदा किंमत आली. इथे कारखानदार स्वतः तपासणीची कंपनी निवडतो. खोटी तपासणी करणाऱ्याचं नाव बाजारात बुडतं, म्हणून कोणी खोटेपणा करत नाही. बाबांचं सील दिसलं की लोक डोळे मिटून आत शिरायचे. उतारवयात माणसाला आणखी काय हवं असतं?

त्यांच्या वस्तू वेगळ्या पार्सलनं पाठवतोय. स्वेटर, पेन, डायरी. डायरी मी चाळली, भाज्यांचे भाव आणि हवामानच आहे. तुला आवडेल.

तुझा
वकील

*

११ एप्रिल

वकील,

पार्सल मिळालं. चष्मा नाही. चष्म्याशिवाय ज्याला स्वतःचा दरवाजा सापडत नव्हता, त्याचा चष्मा कुठे गेला?

बूटही नाहीत. तुला बूट पाठवणं बरं दिसलं नसेल, असं मी आधी स्वतःला समजावलं. मग डायरी उघडली.

बाळा, तू बापाबरोबर एवढी वर्षं राहिलास आणि तुला त्याची डायरी वाचता येत नाही? दादा डायरी मागून लिहायचा. नोकरीच्या पहिल्याच वर्षी वरच्या साहेबानं त्याच्या टेबलावरून डायरी उचलून चाळली आणि कोणत्या गिरणीत काय दोष सापडला हे दुपारपर्यंत मालकाला कळलं. तेव्हापासून पुढच्या पानांवर दोडकी महाग आणि आभाळ भरलेलं. बॉयलर सगळे मागच्या पुठ्ठ्यापासून, उलट्या दिशेनं. चाळणारा माणूस कंटाळून ठेवून देतो. तूही ठेवून दिलीस.

मागून मोजलं तर शेवटची नोंद तेरा मार्चची आहे. उतरवून देते:

'सार्वजनिक धुलाईच्या बॉयलरवर माझं सील. सत्तावीस नंबर, खूण स्पष्ट. मी मारलेलं नाही. हा बॉयलर आजच्या आधी मी कधी पाहिलेलाही नाही, आजही ओझरताच दिसला. व्हॉल्व्हचा स्क्रू पिळून घट्ट केलेला दिसतो. मुलाला विचारलं, म्हणाला उद्या बोलू. उद्या सकाळी स्वतः जाऊन बघतो.'

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे पुढे मला कळलं नाही असं म्हणायची सोय राहणार नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे वाफ फार झाली की आपोआप उघडणारं झाकण. ते किती दाबाला उघडायचं हे तपासनीस ठरवतो आणि स्क्रूवर तार बांधून शिशाचं सील दाबतो. मग कोणाला स्क्रू पिळता येत नाही. पिळला तर वाफ जास्त मिळते आणि कपडे लवकर निघतात. आणि मग एके दिवशी झाकण उघडत नाही.

दादा 'उद्या सकाळी' म्हणाला. उद्या म्हणजे मंगळवार, चौदा मार्च.

झोपेत गेला ना रे तो? बूट घालून, चष्मा लावून, धुलाईखान्यात झोपला होता का?

आत्या

*

१३ एप्रिल

आत्या, डायरी ताबडतोब परत पाठव. ती कामाची डायरी आहे, करारानुसार कंपनीची मालमत्ता आहे.

वकील

*

१५ एप्रिल

नाही.

आत्या

*

१९ एप्रिल

ती. आत्यास,

ठीक आहे. लिहितो. हे पत्र वाचून जाळ.

तपासणीची कंपनी माझी आहे. मी आणि दोन भागीदार. बाबा आल्यावर मला वाटलं, आयुष्यभर ज्या प्रामाणिकपणानं आम्हाला ट्रंकांवर झोपवलं, त्याचं एकदा तरी चीज व्हावं. बाबा नुसते तपासून कागदावर सही करायचे, सील आम्ही नंतर मारायचो, त्यांना न दाखवता. मी त्यांच्या नावाची निशाणी केली. पहिलं वर्ष सगळं सरळ होतं. पण ते दहातले सहा बॉयलर नापास करायचे. नापास झालेला मालक रस्त्यापलीकडच्या कंपनीकडे जायचा आणि तिथे संध्याकाळपर्यंत पास होऊन यायचा. भागीदार म्हणाले, नाव म्हाताऱ्याचं ठेवू, तपासायला पोरं पाठवू. आम्ही सगळेच बॉयलर खराब असूनही पास केले असं नाही. धुलाईवाल्यांना हंगामात जास्त वाफ हवी होती, त्यांनी आग्रह धरला. एवढ्यातच चुकलं.

बाबांनी मला सोमवारी विचारलं तेव्हा मी उद्या म्हणालो, कारण त्या दिवशी मला सांगायची हिंमत नव्हती. मी मंगळवारी संध्याकाळी सांगणार होतो. खरंच.

आता तू मला फासावर चढवायच्या आधी एक लक्षात घे. सील दाबायची ती पक्कड आली कुठून? सत्तावीस नंबरची खूण पक्कडीच्या तोंडात कोरलेली असते. ती नसती तर आम्हाला सील मारताच आलं नसतं. ती पक्कड मला तूच पाठवलीस, आत्या. लोकरीच्या मोज्यात गुंडाळून. सरकारी वस्तू, निवृत्तीला मोडून टाकायची असते, ती तुझ्या कपाटात दीड वर्षं होती. तुझा कायदा तेव्हा कुठे होता?

बॉयलर फुटला, तो अपघात होता. इस्त्रीवालीला भाजलं, तिच्या करारात होतं तेवढे उपचार आम्ही केले. धुलाई बंद केली. आता हे बाहेर गेलं तर सीलवरचा विश्वास संपेल आणि त्याबरोबर दीडशे माणसांची कामं. बाकीच्या तेवीस ठिकाणी अजून काहीही झालेलं नाही. तिथेही पोरांनीच सील मारलंय, पण बाजार खोट्याला शिक्षा देतोच, फक्त थोडा वेळ लागतो. आम्हाला तो वेळ दे.

सोबत एक समजुतीचा कागद आहे. सही करून पाठव. बाबांची रक्कम तुला मिळेल आणि तू इथे येऊन त्यांची जागाही बघू शकशील. फाटकावर बाहेरच्या माणसाला कागदावर सही केल्याशिवाय आत घेत नाहीत, माझ्या आत्यालासुद्धा. नियम सगळ्यांना सारखा.

माझाही बाप होता तो.

वकील

*

२१ एप्रिल, शुक्रवार

वकील,

समजुतीचा कागद कोरा परत पाठवतेय. मागच्या बाजूला किराण्याची यादी केली होती, ती खोडली आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे तुझ्या हातातलं एकुलतं एक पान संपेल.

हो, पक्कड मी पाठवली. दादा निवृत्त झाला त्या आठवड्यात त्याला ताप होता. म्हणाला, "छोटे, एवढी जमा करून ये, पावती घे, आणि डोळ्यांसमोर मोडून घे." मी गेले. कारकून म्हणाला, साहेब रजेवर, पुढच्या सोमवारी या. पुढच्या सोमवारी गेले, तर म्हणे रजिस्टर वर गेलंय. तिसऱ्यांदा गेलेच नाही. एकतीस वर्षं लोकांना 'उद्या या' म्हणणाऱ्या बाईला दोनदा 'उद्या या' ऐकून राग आला. पक्कड साड्यांच्या खणात टाकली आणि दादाला सांगितलं, झालं. त्यानं पावती मागितली नाही. मग तुझं पत्र आलं: बाबांच्या वाढदिवसाला चौकटीत बसवून भिंतीवर लावतो, त्यांना सांगू नकोस, गंमत आहे. मला कौतुक वाटलं रे. सात शाळा फिरलेल्या पोराला बापाचा अभिमान वाटतो, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि मोजा शोधला.

आता दुसरं. डायरीतली नोंद मी तुला पूर्ण उतरवून दिली नव्हती. 'उद्या सकाळी स्वतः जाऊन बघतो' याच्या आधी दोन ओळी होत्या, त्या मी गाळल्या. त्या अशा:

'कोणीतरी खूण नकली बनवली असणार. खरी पक्कड मोडली आहे, छोटीनं स्वतः जमा केली. ती असल्या बाबतीत चुकत नाही.'

आमच्या शाळेतल्या सिस्टर पट्टीनं बोटांवर मारायच्या. म्हणायच्या, खोटं बोललीस तर एक, आणि खरं गाळलंस तर दोन. पन्नास वर्षांनी ते दोन फटके मी या दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचून खाल्ले. दादाला वाटलं खूण नकली आहे, म्हणून तो ती जवळून बघायला गेला. पक्कड माझ्या खणात होती हे त्याला माहीत असतं, तर तो तुझ्या दारात आला असता, बॉयलरपाशी नव्हे.

झालं माझं. आता तुझं.

'इस्त्रीवालीला भाजलं, करारात होतं तेवढे उपचार केले.' ते तेवढे किती, ते मी पाहून आले. तुमच्या दवाखान्यातून नवव्या दिवशी तिला बाहेर काढलं, कारण तिच्या कागदावर आठ दिवस होते. तिची बहीण तिला टेम्पोत घालून इकडे आमच्या सरकारी इस्पितळात घेऊन आली. खोटं कशाला सांगू, वाईट जागा आहे. लिफ्ट बंद, एका खाटेवर दोघी, आणि नर्स माझ्यावर अशी खेकसली की मला माझी कचेरी आठवली. पण दारात कोणी तिला करार विचारला नाही. भाजलंय का? भाजलंय. मग आत घ्या. एवढंच.

मी तिच्याशी बोलले. डाव्या बाजूनं तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून उजवीकडे बसले.

मी म्हटलं, "मी त्या म्हाताऱ्या तपासनिसाची बहीण."

"चष्मेवाले आजोबा?" म्हणाली. "अगं बाई! त्यांनी तर आधी आम्हाला हाकललं. वाफेचा काटा बघितला आणि ओरडले, बायांनो, हातातलं टाका, बाहेर व्हा. मुकादम म्हणतो, तुम्ही कोण हो सांगणारे, तुमचा इथे करार नाही. आजोबा म्हणाले, ज्या सीलवर तू विसंबलास ना, ते माझ्या नावाचं आहे, आणि मी सांगतोय ते खोटं आहे."

"मग?"

"मग काय. अकरा जणी होतो, दहा निघाल्या. माझी पाळी अर्धी सोडली तर दिवस भरत नाही, असं कागदावर होतं. मी म्हटलं, एवढी चादर करते. आजोबा आग विझवायला खाली वाकले होते. मला म्हणाले, पोरी, चादर इस्त्री न करताही अंगावर घेता येते." हे सांगून ती हसली, आणि हसताना तिला दुखलं. "तेवढंच ऐकलं बघा."

धुलाईखान्यात घड्याळ तिच्या समोरच्याच भिंतीवर होतं, म्हणाली. अकरा चाळीस.

तर माझ्या रजिस्टरचे रकाने भरले. तुमच्याकडे ते ठेवायला कोणी नाही, म्हणून मी स्वतः एक वही आणली आणि पहिल्या पानावर नोंद केली. वेळ, जागा, कारण, आणि जवळ कोण होतं: इस्त्रीवाली. मुलगा नव्हता.

वकील, तू मोठ्या गोष्टी लिहिल्यास, म्हणून एक छोटी गोष्ट सांगते. आमचं सरकार काय चीज आहे ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, मी त्याच्या पोटात बसून आले आहे. दादाच्या अकरा बदल्या खऱ्या. तुझ्या आईच्या ट्रंका खऱ्या. पण अकरा वेळा दादा 'नाही' म्हणाला, तेव्हा त्यांना दादाला हलवावं लागलं. त्याचं 'नाही' पुसायला हुकूम काढावा लागला, त्यावर तारीख होती, सही होती, आणि उद्या कोणी विचारलं असतं तर सही करणारा सापडला असता. तुमच्याकडे कोणाला हलवायचीच गरज पडली नाही. मालकाला 'नाही' आवडलं नाही, तो रस्ता ओलांडून गेला. तुम्हाला 'नाही' परवडलं नाही, तुम्ही म्हाताऱ्याला घरात ठेवून त्याचं 'हो' विकलंत. दादाचा प्रामाणिकपणा विकाऊ नव्हता म्हणून त्याला मोल होतं. तुम्ही तो विकायला काढलात त्या दिवशी हातात नुसतं शिसं उरलं.

तू म्हणतोस, नाही पटलं तर दुसरीकडे जायचं. ती इस्त्रीवाली कुठे जाणार होती? ती मोकळीच होती, कोणी बांधली नव्हती. चादर टाकायलाही मोकळी, उपाशी राहायलाही मोकळी. दादा तर अगदीच मोकळा झाला.

आणि बाजार शिक्षा देतो म्हणालास. दिली की. तुला सोडून सगळ्यांना दिली.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ते लिहिताना तुझ्या लक्षात आलं नसेल. 'बाकीच्या तेवीस ठिकाणी अजून काहीही झालेलं नाही.' अजून. मी हे पत्र इस्त्रीवालीच्या बहिणीच्या हाती देतेय, ती आज परत तुमच्या वसाहतीत तिच्या कामावर चाललीय. तिला सत्तावीस आकडा कागदावर काढून दिलाय. ती म्हणाली, "ताई, मला वाचता येतं हो." मी म्हटलं, तर मग सगळ्याजणींना सांग, हा आकडा दिसला की हातातलं टाका. पण ती एकटी तेवीस ठिकाणं कुठे शोधणार? ती तुला माहीत आहेत. रविवारी तुमचे बॉयलर थंड असतात आणि सोमवारी सकाळी सहाला पुन्हा पेटतात, हे मला दादाच्या डायरीनं सांगितलं.

म्हणून नीट वाच. रविवार, तेवीस एप्रिल, संध्याकाळी पाच. त्याआधी मला तेवीस ठिकाणांची यादी हवी, तुझ्या अक्षरात, तुझ्या सहीसकट. आणि पक्कड हवी. फोन करू नकोस, फोनवर तू फार छान बोलतोस. माणूस पाठव.

पाचनंतर एक मिनिटानं माझं निवेदन सोमवारच्या वर्तमानपत्रासाठी जाईल. मजकूर तयार आहे. पहिलं वाक्य असं: 'सत्तावीस नंबरची पक्कड मी पाठवली.' खाली माझं पूर्ण नाव आणि पत्ता. दुसरं वाक्य तुझं आहे. तिथे तुझी यादी येईल किंवा तुझं नाव येईल, ती जागा मी मोकळी ठेवली आहे.

उत्तर लेखी हवं.

आत्या